किती खाटा रिकाम्या आहेत?

२५ फेब्रुवारी २०२० रोजी 'पब्लिक हेल्थ इंग्लंड' या सरकारी आरोग्य यंत्रणेनं केअर होम चालवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. केअर होममध्ये राहणाऱ्यांना किंवा घरच्या घरी सेवा घेणाऱ्यांना या नव्या विषाणूची लागण होण्याची शक्यता अगदी कमी आहे, असा त्यांचा सूर होता. कर्मचाऱ्यांनी मास्क लावायची गरज नाही, असंही त्यात म्हटलं होतं. त्या दिवशी देशात साथ पसरल्याचं कोणी मानत नव्हतं, त्यामुळे हा सूर त्या दिवसापुरता अगदीच वेडगळ म्हणता येत नाही. पण त्या सूचना पुढे सतरा दिवस तशाच राहिल्या. १३ मार्चला त्या मागे घेऊन नव्या काढल्या गेल्या, तोवर इटलीतली रुग्णालयं भरून वाहत होती.

त्यानंतरच्या चार आठवड्यांत कागदांचा पाऊस पडला. १७ मार्चला राष्ट्रीय आरोग्य सेवेनं, म्हणजे एनएचएसनं, सगळ्या रुग्णालयांना पत्र पाठवलं: देशातल्या साधारण एक लाख खाटांपैकी ३० हजार रिकाम्या करा. काही शस्त्रक्रिया पुढे ढकलून, आणि वैद्यकीयदृष्ट्या घरी जाण्याजोगे असलेले रुग्ण तातडीनं बाहेर काढून. १९ मार्चला डिस्चार्जचे नवे नियम आले. डिस्चार्जचा निर्णय झाल्यावर रुग्णानं तासाभरात वॉर्ड सोडायचा आणि शक्यतो त्यानंतरच्या दोन तासांत रुग्णालय. २ एप्रिलला केअर होमसाठीच्या सूचना आल्या. रुग्णालयातून येणाऱ्या माणसाची चाचणी निगेटिव्ह असण्याची अट नाही, लक्षणं नसतील तर नेहमीसारखीच काळजी घ्या, असं त्यांत होतं. १५ एप्रिलला सरकारनं सोशल केअरसाठी कृती आराखडा जाहीर केला आणि केअर होममध्ये जाणाऱ्या प्रत्येकाची आधी चाचणी होईल असं सांगितलं.

१७ मार्च ते १५ एप्रिल या काळात सुमारे २५ हजार माणसं इंग्लंडमधल्या रुग्णालयांतून केअर होममध्ये गेली. हा आकडा सरकारी लेखापरीक्षकांचा, म्हणजे 'नॅशनल ऑडिट ऑफिस'चा आहे. यातल्या किती जणांना लागण झाली होती, हे कोणालाच सांगता येत नाही, कारण तेव्हा ते मोजलंच गेलं नाही.

पुढे जाण्याआधी केअर होम म्हणजे काय, हे सांगायला हवं. 'वृद्धाश्रम' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुलांनी टाकलेले आईवडील येतात, सिनेमातला पाऊस येतो. इंग्लंडमधलं केअर होम ही तशी ठेवणीतली शोकांतिका नाही. ज्यांना अंथरुणातून उठवावं लागतं, भरवावं लागतं, आंघोळ घालावी लागते, त्यांची ती राहण्याची जागा असते. अनेकांना स्मृतिभ्रंश झालेला असतो. अशी सुमारे १५ हजार केअर होम्स आणि त्यांत जवळपास चार लाख माणसं. बहुतेक होम्स खाजगी आहेत, एकेका कुटुंबानं चालवलेल्या वीस खाटांच्या घरापासून गुंतवणूक कंपन्यांच्या साखळ्यांपर्यंत. घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्था धरल्या तर या क्षेत्रात इंग्लंडमध्ये पंधरा लाखांच्या आसपास लोक काम करतात. एनएचएसपेक्षा हा आकडा मोठा आहे. तरीही संध्याकाळी दारात उभं राहून टाळ्या वाजवायची वेळ आली, तेव्हा सुरुवातीला त्या एनएचएससाठी होत्या.

हा दुजाभाव २०२० मधला नाही. त्याला एक नेमकी तारीख आहे.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये एनएचएस सुरू झाली. अन्यूरिन बेव्हन या मंत्र्याचं ते स्वप्न, आणि आजही तिथल्या राजकारणात सगळ्यांना हात जोडावे लागतात असं एकमेव दैवत. त्याच दिवशी 'नॅशनल असिस्टन्स अॅक्ट' हा दुसरा कायदाही लागू झाला. त्याची जयंती कोणी साजरी करत नाही. १८३४ पासून गरिबांना ज्या वर्कहाउसमध्ये कोंबलं जायचं, तो जुना कायदा यानं संपवला आणि म्हाताऱ्या, दुबळ्या लोकांच्या निवाऱ्याची जबाबदारी स्थानिक कौन्सिलांवर टाकली. बेव्हनच्या मनात वर्कहाउसच्या जागी हॉटेलासारखी छोटी छोटी घरं होती. आणि हॉटेल म्हटलं की बिल आलंच. आजारपण फुकट, पण निवारा आणि काळजी ऐपत पाहून पैसे घेऊन, अशी वाटणी त्या दिवशी झाली.

म्हणजे हृदयविकार झाला तर एनएचएस. स्मृतिभ्रंश झाला आणि बाईला स्वतःची वेणी घालता येईना, तर कौन्सिल, आणि आधी बँकेचं पासबुक दाखवा. २०१० पासून ही मर्यादा २३,२५० पौंडांवर अडकली आहे. त्याहून जास्त मालमत्ता असेल तर केअर होमचा खर्च आपला आपण करायचा, आणि बऱ्याचदा त्या हिशेबात राहतं घरही धरलं जातं.

हॉटेलं काही उभी राहिली नाहीत. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी पन्नाशीच्या दशकाअखेर देशभरातली निवासगृहं पाहिली आणि १९६२ मध्ये 'द लास्ट रेफ्यूज' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. पाटी बदललेली, पण इमारत वर्कहाउसचीच, अशा कितीतरी जागा त्यांना सापडल्या. मग ऐंशीच्या दशकात सामाजिक सुरक्षा भत्त्यातून खाजगी होम्सचा खर्च भागवायची वाट मोकळी झाली आणि धंदा फोफावला. १९७९ मध्ये एक कोटी पौंडांच्या घरात असलेला हा खर्च दहा-बारा वर्षांत शंभर कोटींच्या पुढे गेला. त्याला आवर घालण्यासाठी आलेल्या १९९० च्या कायद्यानं, १९९३ पासून, पैसे कौन्सिलांकडे वळवले. पण त्यातला ८५ टक्के भाग खाजगी आणि स्वयंसेवी संस्थांकडूनच सेवा विकत घेण्यावर खर्च करायचा, ही अट घालून. कौन्सिलं मालकाची गिऱ्हाईकं झाली. आणि कपातीच्या काळात गिऱ्हाईक काय करतं? घासाघीस करतं. २०११ मध्ये सदर्न क्रॉस ही सुमारे ७५० होम्सची साखळी कोसळली. इमारती विकून त्याच भाड्यानं घेण्याचा व्यवहार अंगाशी आला होता. ३१ हजार म्हाताऱ्या माणसांचं काय करायचं, हा प्रश्न काही आठवडे वर्तमानपत्रांत होता. मग होम्स दुसऱ्या मालकांकडे गेली आणि विषय मिटला.

तर मार्च २०२० मध्ये लंडनमधलं आरोग्य खातं ज्यांना सूचना पाठवत होतं, ते कोणाचे नोकर नव्हते. हजारो वेगवेगळे मालक होते. सरकारकडे त्यांची धड यादीही नियामकाकडून, म्हणजे 'केअर क्वालिटी कमिशन'कडून येत होती, आणि त्या नियामकानं नेहमीच्या तपासण्या १६ मार्चला थांबवल्या होत्या.

हे होणार याची कल्पना नव्हती, असंही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये सरकारनं 'सिग्नस' नावाची रंगीत तालीम केली होती, काल्पनिक फ्लूच्या महासाथीची. रुग्णालयं भरली की तिथले रुग्ण सोशल केअरकडे पाठवायचे, या गृहीतकावर स्थानिक अधिकाऱ्यांनी तेव्हाच शंका घेतली होती: समोरची यंत्रणा एवढा भार उचलेल कशी? ती शंका अहवालात नोंदली गेली. अहवाल ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे पहिली लाट येऊन गेल्यावर, अधिकृतपणे प्रसिद्ध झाला.

मला या सगळ्या कागदपत्रांत सर्वांत बोलकी वाटते ती एक संगणक प्रणाली. तिचं नाव 'कपॅसिटी ट्रॅकर'. ती एनएचएसच्या मंडळींनी महासाथीच्या आधीच तयार केली होती. केअर होमच्या मॅनेजरनं रोज लॉगिन करून आपल्याकडे किती खाटा रिकाम्या आहेत ते भरायचं, म्हणजे रुग्णालयातल्या डिस्चार्ज विभागाला रुग्ण कुठे पाठवता येईल ते कळेल. १९ मार्चच्या नियमांनी हा ट्रॅकर वापरायला सांगितला. पुढे त्यात मास्क किती उरलेत, किती कर्मचारी गैरहजर, किती जणांना लागण, असे रकाने जोडले गेले आणि बघता बघता तीच सरकारची केअर होममध्ये डोकावायची मुख्य खिडकी झाली. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज पाहतो. एखाद्या प्रणालीनं पहिला प्रश्न कोणाच्या वतीनं विचारला, ते पुढे कितीही रकाने वाढवले तरी पुसलं जात नाही. इथला पहिला प्रश्न रुग्णालयाचा होता.

एकदा हे लक्षात आलं की बाकीचे कागद आपोआप उलगडतात. १९ मार्चला सरकारनं डिस्चार्जसाठी १३० कोटी पौंड जाहीर केले. त्याआधी रुग्ण आठवडेच्या आठवडे रुग्णालयात अडकून पडायचे, कारण पुढचा खर्च एनएचएसचा की कौन्सिलचा की कुटुंबाचा, यावर वाद चालायचा. १९४८ ची ती फट. या पैशानं ती तात्पुरती बुजवली: आता ऐपत तपासणी नको, बिल एनएचएस भरेल. जे सत्तर वर्षांत जमलं नव्हतं ते दोन दिवसांत झालं. पण त्या रेंगाळण्यात एक गोष्ट होत असे. केअर होमचा मॅनेजर रुग्णालयात येऊन माणसाला बघून जायचा, आपल्याला हा झेपेल का ते ठरवायचा, कधी नाही म्हणायचा. पैशाचा अडथळा हटला तसा हा विरामही हटला. मला वाटतं, सगळ्या निधीत सगळ्यात वेगानं पोचलेला निधी हाच असावा, आणि तो केअर होमच्या दिशेनं माणसं पाठवण्यासाठी होता.

केअर होमला मिळालेल्या गोष्टी मात्र अशा. प्रत्येक संस्थेला ३०० मास्क, फुकट. खाटा वीस असोत की शंभर. त्यापुढचे मास्क बाजारातून घ्या, चढ्या भावानं, आणि त्यावर २० टक्के व्हॅट भरा. हा व्हॅट १ मेपासून माफ झाला. चाचण्यांचं म्हणाल तर एखाद्या होममध्ये साथ आहे का एवढं ठरवण्यापुरत्या, लक्षणं असलेल्या पहिल्या पाच जणांच्या. रोज संध्याकाळी टीव्हीवर जाहीर होणाऱ्या मृत्यूंच्या आकड्यात २९ एप्रिलपर्यंत केअर होममधले मृत्यू धरलेच जात नव्हते. आणि १५ एप्रिलच्या आराखड्यासोबत आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी केअर कर्मचाऱ्यांसाठी हिरव्या रंगाचा एक बिल्ला दाखवला. बिल्ल्याची फार टर उडवली गेली. ती योग्यच होती.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या मोजणीनुसार २ मार्च ते १२ जून २०२० या काळात इंग्लंड आणि वेल्समधल्या केअर होमच्या १९,३९४ रहिवाशांच्या मृत्यूत कोविडचा हात होता. त्या काळात मरण पावलेल्या रहिवाशांपैकी हे २९.३ टक्के. केअर होममधल्या कोविड मृत्यूंचा कळस एप्रिलच्या शेवटच्या पंधरवड्यात आला.

१३ मेला नवा निधी जाहीर झाला. 'इन्फेक्शन कंट्रोल फंड', ६० कोटी पौंड. आधी मार्चमध्ये १६० कोटी आणि एप्रिलमध्ये आणखी १६० कोटी कौन्सिलांना मिळाले होते, पण ते कौन्सिलांच्या सगळ्या गरजांसाठी होते. आमच्यापर्यंत काही झिरपत नाही, अशी केअरवाल्यांची ओरड होती. या खेपेला सरकारनं अट घातली. ७५ टक्के रक्कम खाटांच्या संख्येनुसार थेट होम्सना द्यायची, कौन्सिलशी करार असो वा नसो. दोन हप्ते, मे आणि जुलै. नेहमीच्या आर्थिक ओढाताणीसाठी यातला पैसा वापरायचा नाही. ट्रॅकर भरला नसेल तर पैसे नाहीत.

या निधीच्या अटींची यादी हे मला त्या वर्षातलं सर्वांत प्रामाणिक सरकारी लिखाण वाटतं. पैसे कशासाठी? विलगीकरणात असलेल्या कर्मचाऱ्याला पूर्ण पगार देण्यासाठी. एक कर्मचारी शक्यतो एकाच होममध्ये काम करेल याची व्यवस्था करण्यासाठी. बसनं यावं लागू नये म्हणून प्रवासासाठी. घरच्यांपासून वेगळं राहू इच्छिणाऱ्यांच्या राहण्यासाठी. ही यादी उलटी वाचली की फेब्रुवारीपासून काय चाललं होतं ते कळतं. आजारी पडलेल्यांना पूर्ण पगार मिळत नव्हता. लोक दोन-दोन, तीन-तीन होम्समध्ये पाळ्या करत होते, बसनं ये-जा करत होते. साधारण चौथा हिस्सा कामगार झीरो-अवर करारावर होते. म्हणजे या आठवड्यात किती तास काम मिळेल याची मालकावर काही बांधिलकी नाही. त्यांत मोठ्या संख्येनं फिलिपिन्स, झिम्बाब्वे, नायजेरिया, रोमेनिया आणि आपल्याकडून गेलेल्या बायका होत्या.

साधा हिशेब करू. एप्रिल २०२० मध्ये पंचविशीपुढच्या कामगाराचं किमान वेतन तासाला ८.७२ पौंड होतं. चाळीस तासांचा आठवडा धरला तर ३४८.८० पौंड. आजारी पडलं आणि मालकानं वेगळी सोय केलेली नसली तर कायद्यानं मिळणारा सिक पे आठवड्याला ९५.८५ पौंड. पाव पगारापेक्षा जरासा जास्त. आठवड्याची कमाई १२० पौंडांहून कमी असेल तर तोही नाही. तीन होम्समध्ये तुकड्या-तुकड्यांनी काम करणाऱ्या बाईची एकेका ठिकाणची कमाई या रेषेखाली सहज जाऊ शकते. एवढ्या पैशात तुम्ही जगू शकाल का, असं मार्चमध्ये टीव्हीवर विचारलं तेव्हा खुद्द हॅनकॉक नाही म्हणाले होते. घसा थोडा खवखवतोय, अंग थोडं मोडून आलंय, अशा सकाळी त्या बाईनं काय करावं, याचं उत्तर कुठल्याच मार्गदर्शक सूचनेत नव्हतं. सूचनेत घरी थांबा असं होतं.

जुलैमध्ये 'व्हिव्हाल्डी' या पाहणीचे पहिले निष्कर्ष आले, आणि त्यांनी हेच आकड्यांत सांगितलं. ज्या होम्समध्ये सिक पे दिला जातो तिथे रहिवाशांमध्ये लागण कमी. जिथे कर्मचारी इतर ठिकाणीही काम करतात तिथे जास्त.

डिस्चार्जची गोष्ट त्यामुळे थोडी गुंतागुंतीची होते. 'पब्लिक हेल्थ इंग्लंड'नं नंतर केलेल्या विश्लेषणात केअर होममधल्या साथींपैकी फक्त १.६ टक्के रुग्णालयातून आलेल्या रुग्णापासून सुरू झाल्या असं दिसलं. टीकाकार म्हणतात, ज्या काळात चाचण्याच होत नव्हत्या त्या काळाचा हिशेब चाचण्यांवरून कसा मांडता? आक्षेपात दम आहे. एक आकडा मात्र सहसा सांगितला जात नाही: त्याच महिन्यात २०१९ साली केअर होममध्ये गेलेले रुग्ण ३५ हजार होते, २०२० पेक्षा दहा हजारांनी जास्त. लोंढा वगैरे शब्द वापरताना तो ध्यानात ठेवावा. माझं मत असं की विषाणू दोन्ही दारांनी आत आला, आणि पुढच्या दाराची चर्चा जास्त झाली कारण तिथे मंत्र्याची सही सापडते. मागच्या दारानं तो रोज सकाळी सातच्या पाळीला येत होता. ते दार बंद करायला पैसे लागत होते, आणि ते मिळेपर्यंत कळस येऊन गेला होता.

त्यानंतर निधीचं चक्र नियमित झालं. ऑक्टोबर २०२० पासून ५४.६ कोटींचा दुसरा टप्पा, त्यात घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थाही आल्या. डिसेंबरमध्ये जलद चाचण्यांसाठी १४.९ कोटी. जानेवारी २०२१ मध्ये मनुष्यबळासाठी १२ कोटी. दर वेळी नव्या अटी, नवे फॉर्म, नवी अंतिम तारीख. पुढच्या तिमाहीत पैसे येतील की नाही ते शेवटच्या आठवड्यात कळणार. मोठ्या साखळ्यांकडे हे सांभाळायला स्वतंत्र माणसं होती. वीस खाटांच्या घरात जी मॅनेजर रात्री पाळीला माणूस न आल्यामुळे स्वतः लंगोट बदलत होती, तीच सकाळी ट्रॅकर भरत होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये केअर होमच्या कर्मचाऱ्यांना लस सक्तीची झाली, मार्च २०२२ मध्ये ती सक्ती उठली. मधल्या काळात नोकरी सोडून गेलेल्यांना परत बोलवायला काही नव्हतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये केअर कामगारांसाठी परदेशी व्हिसाचं दार उघडलं, ते जुलै २०२५ मध्ये बंद झालं. ती एक वेगळीच कहाणी आहे, आणि तिच्यात भारतातली बरीच कुटुंबं कर्ज काढून उतरली.

२५ मार्च २०२२ पासून सिक पेच्या कोविडसाठी दिलेल्या सवलती संपल्या. म्हणजे आजारपणाचे पहिले तीन दिवस पुन्हा बिनपगारी. ३१ मार्चला इन्फेक्शन कंट्रोल फंडाचा शेवटचा टप्पा संपला, आणि त्याबरोबर विलगीकरणातल्या कर्मचाऱ्याला पूर्ण पगार देण्यासाठीचा सरकारी पैसाही.

त्यानंतर चार आठवड्यांनी, २७ एप्रिल २०२२ रोजी, लंडनच्या हायकोर्टानं निकाल दिला. केअर होममध्ये वडील गमावलेल्या दोन मुलींनी आरोग्यमंत्र्यांविरुद्ध दावा लावला होता. लक्षणं नसलेला माणूसही विषाणू पसरवू शकतो, असा धोका सरकारचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार पॅट्रिक व्हॅलन्स यांनी १३ मार्च २०२० लाच रेडिओवर बोलून दाखवला होता. तरीही रुग्णालयातून आलेल्यांना चौदा दिवस वेगळं ठेवा, एवढंही मार्च आणि एप्रिलच्या सूचनांनी सांगितलं नाही. तेवढ्यापुरत्या त्या सूचना विवेकाला धरून नव्हत्या आणि म्हणून बेकायदेशीर होत्या, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. मानवी हक्कभंगाचा दावा आणि एनएचएसविरुद्धचा दावा फेटाळला गेला. सिक पेचा प्रश्न त्या निकालाचा विषय नव्हता. त्या महिन्यात तो आठवड्याला ९९.३५ पौंड झाला होता.